'वेदूता'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : कानालेत्तो या व्हेनिसच्या चित्रकारावर (१६९७–१७६८) लेख लिहितोय. त्याच्या चित्रांना इटालियनमध्ये 'वेदूता' म्हणतात. 'निसर्गचित्र' म्हणवत नाही. सगळे कालवे, वाडे, चौक आणि होड्या. 'देखावा' चालेल का?

उत्तर १ : चालेल की. वेदूता हा शब्दही 'पाहणे'वरूनच आलाय. शिवाय कानालेत्तोचे वडील नाटकाचे पडदे रंगवायचे, तोही आधी तेच शिकला. पडद्यावरच्या 'देखाव्या'तूनच तो नगराकडे वळला.

उत्तर २ : 'देखावा' म्हटलं की गणपतीची आरास आठवते, नाहीतर खोटा थाट. साधं 'नगरचित्र' लिहा.

उत्तर १ : खोटेपणाची छटा तितकी गैरलागू नाही हो! हा गृहस्थ इमारती बिनदिक्कत सरकवायचा, दोन जागांवरून दिसणारं एकाच चित्रात बसवायचा. व्हेनिसच्या रिआल्तो भागात त्याने वास्तुकार पाल्लादिओने आखलेला पूल रंगवलाय, जो कधी बांधलाच गेला नाही.

उत्तर ३ : त्या प्रकाराला वेगळं नाव आहे, 'काप्रिच्चो'. कानालेत्तोने स्वतःच्या एचिंग्जच्या (धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या चित्रांच्या) संचावरही 'काही जागेवरून घेतलेल्या, काही कल्पिलेल्या' असं छापलं होतं. म्हणून 'नगरचित्र' आणि 'कल्पित नगरचित्र' अशी जोडी ठेवावी. 'देखावा' दोन्हींकडे झुकतो, तिथंच घोळ होतो. गिऱ्हाइकाला मात्र हा भेद चांगला कळायचा. बहुतेक इंग्रज प्रवासी, व्हेनिसची आठवण घरी न्यायला आलेले. त्यांना ओळखू येणारं व्हेनिस हवं. जोसेफ स्मिथ हा तिथला इंग्रज व्यापारी मधला दुवा. १७४० नंतर युद्धामुळे प्रवासी आटले, तेव्हा १७४६मध्ये कानालेत्तोच लंडनला गेला आणि थेम्स रंगवू लागला. स्मिथचा संग्रह १७६२मध्ये तिसऱ्या जॉर्जने विकत घेतला, म्हणून कानालेत्तोची इतकी चित्रं इंग्लंडच्या राजघराण्याकडे आहेत.

प्रश्नकर्ता : 'नगरचित्र' घेतो. अजून एक : इंग्रजी पुस्तकात चित्रकार बेर्नार्दो बेलोत्तो कानालेत्तोचा 'नेफ्यू' आहे. पुतण्या ना?

उत्तर २ : भाचा. बहिणीचा मुलगा. आणि सांभाळून, तोही 'कानालेत्तो' म्हणवून घ्यायचा. ड्रेस्डेन आणि वॉर्साची चित्रं त्याची. दुसऱ्या महायुद्धानंतर वॉर्सा पुन्हा उभारताना तीच समोर ठेवली होती. पोलंडमध्ये कुणी 'कानालेत्तो' म्हटलं, तर बहुधा भाचाच समजा.