एम्परर पेंग्विन ऐन हिवाळ्यातच अंडं का घालतो?

सातवीची आई
लेकीला शाळेत अंटार्क्टिकावर प्रकल्प करायचा आहे. तिने विचारलं, सगळे पक्षी पिल्लांसाठी बरा मोसम बघतात, मग एम्परर मे-जूनमध्ये, म्हणजे तिकडच्या काळोख्या हिवाळ्यात, अंडं का घालतो? ॲडेली पेंग्विनही तिथलाच, पण तो उन्हाळ्यात घालतो. नर उपाशी उभा राहून अंडं उबवतो हे सगळीकडे वाचायला मिळतं, कारण मात्र सापडत नाही. जाणकारांनी सांगावं.

हिमवासी
ताई, लेकीचा प्रश्न नेमका आहे. मी अंटार्क्टिकावरच्या भारताच्या भारती संशोधन केंद्रावर एक हिवाळा काढला, जनरेटर सांभाळायला होतो. मेअखेरीस सूर्य गेला तो जुलैच्या मध्यापर्यंत उगवलाच नाही. बाहेर पडलं की वाऱ्याने पापण्यांवर बर्फ धरायचा. अशा दिवसांत हा पक्षी पायांवर अंडं घेऊन उभा असतो, या विचाराने आजही माझा जीव कालवतो.

कारण समजायला हिशेब उलटा मांडा. डिसेंबर-जानेवारीत किनाऱ्यालगतचा बर्फ फुटतो, समुद्र जवळ येतो आणि खाणं मुबलक असतं. पिल्लू त्याच सुमारास पाण्यात उतरायला हवं. एवढं मोठं व्हायला त्याला साधारण पाच महिने लागतात. त्याआधी अंडं उबवायला दोन महिन्यांहून थोडे जास्त. मागे मोजत गेलं की मे महिन्यावर येतो. ॲडेली चार-पाच किलोचा. त्याचं अंडं महिन्याभरात फुटतं, पिल्लू सात-आठ आठवड्यांत समुद्रात जातं, म्हणून नोव्हेंबरात सुरुवात करून फेब्रुवारीत तो मोकळा. तीस किलोच्या एम्पररला तेवढा उन्हाळा पुरत नाही.

नराचा उपास अंड्यापासून धरू नका. मार्च-एप्रिलमध्ये वसाहतीवर, म्हणजे गोठलेल्या समुद्रावरच्या विणीच्या जागेवर, आल्यापासून त्याच्या पोटात काही नसतं. मादी एकच अंडं घालते, त्याच्या पायांवर सरकवते आणि समुद्राकडे निघते. घरटं नाहीच. सरकवताना अंडं बर्फावर राहिलं तर काही मिनिटांत गोठतं. सगळे नर एकमेकांना खेटून उभे राहतात आणि कडेचे हळूहळू आत येतात. जवळपास चार महिन्यांत वजन चाळीस टक्क्यांनी उतरतं. एवढं होऊनही मादी परतण्याआधी पिल्लू बाहेर आलं, तर हा उपाशी बाप अन्ननलिकेत तयार होणारा दुधासारखा स्राव त्याला भरवतो!

सागरवेडा
मग किंग पेंग्विनचं काय? तोही मोठाच की.

हिमवासी
दादा, त्याने वेगळीच वाट धरली. क्रोझे, दक्षिण जॉर्जिया अशा बेटांवर तो उन्हाळ्यात अंडं घालतो. सुमारे ५४ दिवसांनी पिल्लू निघतं, पण हिवाळ्याआधी त्याची वाढ पुरी होत नाही. तपकिरी लवेतलं ते पिल्लू बेटावरच हिवाळा काढतं, कधी कधी आठवडेच्या आठवडे उपाशी, आणि पुढच्या उन्हाळ्यात समुद्रात जातं. पूर्ण फेरीला वर्षाहून जास्त वेळ लागत असल्यामुळे जोडीला दर वर्षी पिल्लू वाढवता येत नाही. फार तर तीन वर्षांत दोन.

सातवीची आई
किती छान समजावलंत! राणीच्या बागेतल्या पेंग्विनचंही असंच असतं का?

सागरवेडा
ते हम्बोल्ट, पेरू-चिलीच्या किनाऱ्याचे. तिथे गार प्रवाहामुळे मासळी जवळ असते, त्यामुळे वीण एका मोसमाला बांधलेली नाही. बहुधा दोन अंडी, साधारण चाळीस दिवस, आई-बाप आळीपाळीने बसतात. समुद्रपक्ष्यांच्या साचलेल्या विष्ठेच्या थरात ते बिळं करतात. तो थर खतासाठी खणून नेल्याने जागा गेल्या. एल निनोच्या वर्षी, म्हणजे तिथलं पाणी तापतं तेव्हा, मासळी हटली की घरटी टाकून जातात.

हिमवासी
ताई, प्रकल्पात एक गोष्ट जरूर घालायला सांगा. २०२२ च्या अखेरीस अंटार्क्टिकालगतच्या बेलिंग्सहाउझन समुद्रातला बर्फ एम्पररच्या पिल्लांना पाणी न शिरणारी पिसं येण्याआधीच फुटला. तिथल्या पाचपैकी चार वसाहतींत एकही पिल्लू जगलं नसावं, असं उपग्रहाच्या छायाचित्रांवरून दिसलं. बापाने अख्खा हिवाळा उपाशी काढून वाढवलेलं पिल्लू बर्फ महिनाभर आधी गेल्यामुळे बुडतं. मला हे फार लागतं. वर्गातल्या मुलांना हे कळायलाच हवं.