उत्तर: उपशीर्षकं का पळतात, आणि ८८ मैलांचं काय करायचं

‘बॅक टू द फ्यूचर’ या कालप्रवासाच्या हॉलिवूड चित्रपटाच्या चाहत्यांवरचा ‘बॅक इन टाइम’ (२०१५) हा माहितीपट सोलापुरात मराठी उपशीर्षकांसह दाखवायचा बेत आहे, पण सुरुवातीला जुळणारी उपशीर्षकं पुढे पळतात, असा प्रश्न आलाय.

कारण फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं (फ्रेम) दिसतात तो आकडा. उपशीर्षकं २५ च्या प्रतीवर बांधलेली आणि व्हिडिओ २३.९७६ चा, तर तासाभरात साधारण अडीच मिनिटांचा फरक पडतो. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमधला उपशीर्षकांचा विलंब वाढवून एक जागा जुळते, पाच मिनिटांनी पुन्हा तेच. ‘सबटायटल एडिट’ या उपशीर्षकं सुधारायच्या प्रोग्रॅममध्ये फ्रेम रेट २५ वरून २३.९७६ करा, मग पहिलं आणि शेवटचं वाक्य तपासा. फाइल यूटीएफ-८ या अक्षर-संकेतनातच (एन्कोडिंग) जतन करा, नाहीतर देवनागरीऐवजी चिन्हांची खिचडी दिसेल.

चित्रपटात गाडी ताशी ८८ मैलांवर गेली की कालप्रवास होतो; भाषांतरात त्या ८८ मैलांचे १४२ किलोमीटर करू नका. डेलोरियनच्या (त्या कालप्रवासी गाडीच्या) वेगदर्शकावर ८८ च दिसतं, चाहत्यांसाठी तो आकडा म्हणजे मंत्र. कालप्रवासाला लागणाऱ्या १.२१ गिगावॉट विजेचा उच्चार डॉक, म्हणजे त्यातला शास्त्रज्ञ, ‘जिगावॉट’ असा करतो. ती गंमत मराठीतही राहू द्या, ‘गिगावॉट’ असं सुधारू नका.

पडद्यासाठी सोलापुरी चादर नको, नक्षीवर चेहरे विरतात. सुरकुती नसलेलं पांढरं कापड, मागे काळं. चादरी मात्र मागच्या भिंतीवर टांगा, रिकाम्या हॉलमधला घुमारा बराच कमी होतो. ओटीटीच्या घरगुती खात्यावरून जाहीर खेळ करता येत नाही, हक्कधारकाची परवानगी आधी घ्या.