वेबअसेंब्लीसाठी छोटी भाषा : मेमरी स्वतः सांभाळावी की ब्राउझरच्या गार्बेज कलेक्टरवर सोपवावी?

नमस्कार मंडळी,

सोलापुरी चादरीच्या जॅकार्ड नक्षीचे वर्णन करता येईल अशी एक छोटी प्रोग्रामिंग भाषा मी हौसेखातर तयार करत आहे. प्रत्येक आडवा धागा टाकताना कोणते उभे धागे उचलायचे, हे सूत्ररूपाने लिहावे, कंपायलरने त्याचे वेबअसेंब्ली (ब्राउझर वेगाने चालवू शकतो असा संकेत) करावे आणि कापडाचे चित्र ब्राउझरमध्ये उमटावे, एवढीच अपेक्षा आहे. नमुना यंत्रमागावर चढवण्याआधी साध्या मोबाईलवर रंग बदलून पाहता यावेत, म्हणून वेगाचा आग्रह आहे.

पार्सर (लिहिलेल्या सूत्राची रचना ओळखणारा भाग) आणि टाइप-तपासणी पूर्ण झाली आहे. वेबअसेंब्लीत गोटू (कोणत्याही ठिकाणी थेट उडी मारण्याची आज्ञा) नसल्याने सगळी वळणे ब्लॉक आणि लूप यांच्या चौकटीत बसवावी लागली, पण तेही जमले. अडले आहे ते मेमरीपाशी.

चित्राचे पिक्सेल लिनियर मेमरीत (६४ केबीच्या पानांनी मोजल्या जाणाऱ्या सलग बाइटांच्या जागेत) ठेवणे सोयीचे आहे. ५१२ × ५१२ चित्राला प्रत्येक पिक्सेलमागे चार बाइट धरले, तर ६४ केबीची नेमकी १६ पाने लागतात आणि जावास्क्रिप्टला ती जागा टाइप्ड अ‍ॅरेमधून (बाइट संख्यांसारखे दाखवणाऱ्या यादीतून) थेट वाचता येते. मात्र माझ्या भाषेत याद्या आणि क्लोजरही (भोवतालची मूल्ये धरून ठेवणारी फंक्शने) आहेत, आणि त्यांची साफसफाई कोणी करायची हा प्रश्न उरतो. वेबअसेंब्लीसाठी गार्बेज कलेक्शनची (न लागणारी मेमरी ब्राउझरनेच मोकळी करण्याची) सोय क्रोम व फायरफॉक्समध्ये २०२३ साली आणि सफारीत डिसेंबर २०२४ मध्ये आली; परंतु तिच्यातील अ‍ॅरे जावास्क्रिप्टला आतून दिसत नाहीत, त्यामुळे पिक्सेल तिथे ठेवले तर एकेक मूल्य फंक्शनमार्फत बाहेर काढावे लागेल, आणि मग वेगाचा सारा खटाटोप व्यर्थ.

सध्या माझा कल अरीनाकडे आहे : पॉइंटर पुढे सरकवत जागा द्यायची आणि चित्र काढून झाले की तो मूळ जागी आणायचा. परंतु रंगांची यादी आणि पुन्हा पुन्हा येणारी बुट्टी पुढच्या चित्रापर्यंत टिकायला हवीत. शिवाय मेमरी वाढवली की जावास्क्रिप्टकडील जुना टाइप्ड अ‍ॅरे निकामी होतो, तो दर वेळी नव्याने घ्यावा लागतो.

पिक्सेल लिनियर मेमरीत आणि याद्या व क्लोजर गार्बेज कलेक्टरकडे, अशी मिश्र रचना कोणी प्रत्यक्ष वापरली आहे का? की टिकाऊ आणि तात्पुरत्या मूल्यांसाठी दोन वेगळे अरीना पुरेसे ठरतील? तसे असल्यास एखादे मूल्य टिकाऊ आहे हे कंपायलरने ओळखावे, की लिहिणाऱ्याने स्पष्ट सांगावे?

‘असेंब्लीस्क्रिप्ट (वेबअसेंब्लीसाठीची तयार भाषा) वापरा’ हा सल्ला कृपया देऊ नये. भाषा स्वतः घडवण्यातच मला रस आहे.