घरात पडून असलेली वाद्यं : विकलीत की ठेवलीत? (अनुभव धागा)

सांगलीचं घर आवरतेय. आईचा तानपुरा कोपऱ्यात गवसणीत 14 वर्षं उभा आहे. आई गेली, मी गात नाही. परवा एकांनी बघून किंमत सांगितली आणि मला रात्रभर झोप नाही. तुम्ही वाद्यं विकलीत का? नंतर काय वाटलं? खरं ते सांगा.

मिरजेहून : आमच्या घरात वाद्यांचंच काम. ताई, किमतीचं नंतर, आधी गवसणी काढा. तारा ताणलेल्या असतील तर आजच उतरवा. वर्षानुवर्षांच्या ताणाने भोपळ्यावरची लाकडी तबली बसते, दांडी वाकते. मग भोपळ्यावर हलक्या टिचक्या मारत फिरा. कुठे फुटक्या मडक्यासारखा आवाज आला तर तिथे चीर आहे. हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, आणि मोठा, जाड सालीचा भोपळा सहज मिळत नाही. जवारी, म्हणजे तारेला झंकार देणारा घोडीवरचा उतार, बिघडली असेल तर काळजी नको, ती घासून पुन्हा काढता येते. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आम्हाला त्याचा अभिमानच आहे. पण तुमच्या तानपुऱ्याची किंमत तो आज कसा बोलतो यावरच ठरेल.

कराडहून : ऑर्केस्ट्रात होतो तेव्हाचा कीबोर्ड. आत सेल तसेच राहिले, फुटले, पत्रे गंजले. आता फुकटही कुणी नेत नाही. इलेक्ट्रॉनिक वस्तू वेळेत काढा.

साताऱ्याहून : मी आजोबांची पेटी विकली. भात्याला उंदराने भोक पाडलं होतं, म्हटलं दुरुस्त होऊन कुणीतरी वाजवेल. महिन्याभराने त्याच दुकानावरून जाताना आमचं खोकं बाहेर पडलेलं दिसलं. आतले सूर, म्हणजे आवाज देणाऱ्या धातूच्या जिभा, काढून दुसऱ्या पेटीत बसवले होते. दर गुरुवारी भजनात वाजवून आजोबांच्या बोटांनी मधल्या सात-आठ पट्ट्यांना खळगे पडले होते, ते खळगे तिथे उन्हात. घेणारा कशासाठी घेतोय हे मी विचारलंच नाही. तुम्ही विचारा.

गावभाग, सांगली : 2019 च्या पुराआधी वडिलांचा तबला विकायचाच होता. घरात छातीभर पाणी आलं. तबल्याच्या तोंडावरची चामड्याची पुडी कुजली, डग्ग्यात चिखल. शिसवाचं खोड मात्र शाबूत. सावलीत महिनाभर वाळवलं, नवी पुडी चढवून घेतली. पहिली थाप पडली तशी आई स्वयंपाकघरातून आली आणि पिठाच्या हातांनी दारातच उभी राहिली. नाही विकला.

धागाकर्ती : तारा उतरवल्या. भोपळा शाबूत आहे. गवसणीच्या खिशात आईने जिवासाठी, म्हणजे घोडीवर तारेखाली सरकवायला, कापून ठेवलेले सुती दोऱ्याचे तुकडे निघाले, काडेपेटीत नीट गुंडाळलेले. मागच्या गल्लीतली एक मुलगी गाणं शिकते, मोबाईलवर तानपुरा लावून रियाज करते. उद्या तिला बोलावलंय. पैशांचं तिच्या वडिलांशी अजून काही बोललेले नाही.