लांब पल्ल्याला रायफलच्या स्कोपचा टरेट (नेम सरकवायची खुंटी) फिरवायचा की रेटिकलवर (आतल्या रेघांवर) होल्ड करायचं, म्हणजे टार्गेटपासून थोडं सरकवून धरायचं?

प्रश्न: मिलचा स्कोप आहे (मिल म्हणजे कोनाचं माप, 100 मीटरला 10 सेंमी), झूम 5 ते 25 पट, खाली झाडासारखं पसरलेलं रेटिकल, 100 मीटरला झिरो केलाय, म्हणजे तिथे गोळी मधल्या क्रॉसवरच लागते. आता 600 पर्यंत मारायचंय. एक जण म्हणतो सगळं डायल कर, म्हणजे टरेट फिरवून लाव, दुसरा म्हणतो टरेटला हातच लावू नको, मग एवढ्या रेघा कशाला दिल्यात. नक्की काय करू?

उत्तर १: टार्गेट एकच, अंतर माहीत, घाई नाही, मग एलिव्हेशन (उंचीची दुरुस्ती) डायलच कर. समजा 600 ला 4.5 मिल लागले, म्हणजे गोळी 2.7 मीटर खाली येतेय, एका क्लिकला 0.1 मिल सरकणाऱ्या टरेटवर 45 क्लिक. एकदा फिरवलं की मधला क्रॉस सरळ टार्गेटवर, त्या रेघांच्या जंगलात साडेचार कुठे ते शोधत बसायला नको. वारा मात्र डायल करू नको, ट्रिगर दाबेपर्यंत तो बदललेला असतो, तो रेटिकलवरच धरायचा.

उत्तर २: मॅचमध्ये हे चालत नाही हो. वेगवेगळ्या अंतरांवर प्लेटा (धातूची टार्गेटं), टायमर चालू, दर शॉटला टरेट कोण फिरवणार? मी मधल्या अंतराचं डायल करून ठेवतो, मग लांबच्या प्लेटला थोडं वर आणि जवळच्याला थोडं खाली धरतो. होल्ड छोटे राहतात, चूकही कमी.

उत्तर ३: अरे आधी हे सांग, फर्स्ट फोकल प्लेन आहे की सेकंड?

प्रश्नकर्ता: सेकंड. काय फरक पडतो?

उत्तर ३: खूप! सेकंडमध्ये झूम बदलला तरी रेघा तेवढ्याच दिसतात, म्हणून रेघांची किंमत एकाच मॅग्निफिकेशनला खरी असते, बहुतेक स्कोपला ते सगळ्यात वरचं, तुझं 25 असेल पण मॅन्युअल बघ. 12.5 वर आणलंस की 1 मिलची रेघ 2 मिलची होते, मग 4.5 वर धरशील आणि खरं होल्ड 9 पडेल, गोळी 2.7 मीटर वरून जाईल, माती कुठे उडाली तेही दिसणार नाही. डायलला ही भानगडच नाही, क्लिक कुठल्याही झूमला तेवढीच. वाऱ्याचं होल्ड मात्र रेघांवरच, तिथे झूमची ही भानगड लागू. तुझ्यासाठी एलिव्हेशन डायल, विषय संपला.

उत्तर ४: फक्त डायल करणार असशील तर टरेट खरा चालतो का तपास आधी. 100 मीटरला उंच कागद, ओळंब्याने उभी रेघ, खाली ग्रुप (एकाच ठिपक्यावर काही गोळ्या) मार, 10 मिल वर फिरव, त्याच ठिपक्यावर धरून परत मार. बरोब्बर 1 मीटर वर यायला हवा, आणि रेघेवरच. बाजूला सरकला तर रेटिकल तिरकं बसलंय किंवा रायफल कललीये. आणि झालं की टरेट झिरोवर, झिरो स्टॉप (झिरोवर टरेट अडवणारा थांबा) नसेल तर किती फेऱ्या राहिल्या ते डोळ्यांनी बघून, कारण एक अख्खी फेरी राहिली तरी आकडा शून्यच दिसतो.