एक नंबरचं गाणं एका आठवड्यात शंभराच्या बाहेर कसं जातं?

मंगळवारपेठकर

मंडळी, मिसळ हरलोय, तेव्हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका.

माझी भाची अकरावीला आहे. शुक्रवारी रात्री अकरा वाजून गेले तरी पोरगी जागी, कारण इंग्लंडातला टॉप हंड्रेड, म्हणजे आठवड्याच्या शंभर गाण्यांचा चार्ट, त्या सुमाराला जाहीर होतो. त्यातली दोन नावंसुद्धा मला धड उच्चारता येत नाहीत. परवा दुकानात एका मोबाईलचा डिस्प्ले उचकटून बसलो होतो, तेवढ्यात ही आली. ‘मामा, 1 जानेवारी 2021 ला तिकडं ‘वॅम’ ह्या जोडगोळीचं ‘लास्ट ख्रिसमस’ एक नंबरला होतं. पुढच्या शुक्रवारी कितवं असेल सांग. चुकलास तर मिसळ.’ म्हटलं, एक नंबरचं गाणं पडून पडून किती पडणार? पाचवं म्हणून मोकळा झालो.

‘पहिल्या शंभरातच नव्हतं. मी जिंकलो!’

बघितलं तर खरंच नव्हतं. मिसळ झाली, वर जादा कट झाला, तरी डोक्यातनं जाईना. कारण मी आबांच्या वहीवर वाढलोय. आमचे वडील दर बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोन लावायचे आणि बिनाका गीतमालेचं एकेक पायदान (म्हणजे गाण्याचा नंबर) शंभर पानी वहीत तारीख घालून लिहायचे. त्या वहीत गाणी जिन्यानं चढतात, जिन्यानंच उतरतात. जायचं असलं तर गाणं आधी चार आठवडे आजारी पडायचं. एका रात्रीत खपलेलं एकपण सापडलं नाही मला.

तर हे लोक मोजतात तरी काय? आणि मोजतंय कोण?

बिंदूचौक_एक्सप्रेस

गणपती बुडवून आल्यावर दुसऱ्या दिवशी आरती कोण लावतंय काय? नाताळ संपला, गाणं संपलं. सुटला प्रश्न. मिसळ कुठं खाल्ली ते सांगा.

मंगळवारपेठकर

ते कळतंय रे भावा. पण आरत्यांच्या कॅसेटचा खप म्हणून दुसऱ्या दिवशी एकदम शून्य व्हायचा काय? दोन-चार तरी जात असतील की.

कॅसेटवाले काका

जायच्या नाहीत. मी विकल्यात, म्हणून सांगतो.

कोल्हापुरात महाद्वार रोडच्या एका बोळात 1986 ते 2008 माझं कॅसेटचं दुकान होतं. आठ बाय दहा. अनंत चतुर्दशीच्या संध्याकाळपर्यंत आरत्यांना हात पुरायचा नाही आणि दुसऱ्या दिवशी त्या कप्प्याकडं गिऱ्हाईक बघायचं पण नाही. पितृपंधरवड्यात बोहनीची बोंब. मग देवीचा माल लावायचा. तेव्हा बिंदूचौकवाल्यांचं म्हणणं खोटं नाही, फक्त अर्धं आहे.

मोजणीचं सांगतो. इंग्लंडातला पहिला चार्ट ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ ह्या साप्ताहिकानं 14 नोव्हेंबर 1952 ला छापला. पर्सी डिकिन्स म्हणून त्यांचा जाहिरातीचा माणूस होता. ह्या गड्यानं साधारण वीस रेकॉर्डच्या दुकानांना फोन लावले, ‘काय खपलं’ विचारलं आणि यादी केली. झाला राष्ट्रीय चार्ट! नाव बारा गाण्यांचं, पण बरोबरी झाल्यामुळं यादीत आली पंधरा. पहिला एक नंबर अल मार्टिनो, आणि तो तिथं नऊ आठवडे ठाण मांडून बसला.

आता तुमच्या आबांची बिनाका. तिचा पहिला कार्यक्रम 3 डिसेंबर 1952 चा. म्हणजे दोन्ही एकोणीस दिवसांच्या अंतरानं जन्मलेत. तेव्हाचे नभोवाणी मंत्री केसकर (आपलेच, मराठी) यांना सिनेमाची गाणी आकाशवाणीवर नको होती, म्हणून लोक सिलोनकडं वळले आणि अमीन सयानींचा आवाज घरोघरी गेला. तिथं दुकानांतला खप धरायचे आणि जोडीला श्रोता संघांची पत्रं. पत्र लिहायचं, पेटीत टाकायचं, ते पोचायचं, मग मोजलं जायचं. ह्या सगळ्याला वेळ लागतो हो. तुमच्या वहीतला जिना हा गाण्याचा नव्हे, टपालाचा आहे.

आणि खप म्हणजे तरी काय? माझ्याकडं गडहिंग्लजचा एक ट्रक ड्रायव्हर यायचा. एकच कॅसेट त्यानं वर्षात तीन वेळा नेली, कारण त्याचा डेक टेप चावायचा. केबिनमध्ये धूळ आणि उन्हात तापलेलं ते सगळं. दर वेळेला आधी मी पेन्सिल घालून टेप गुंडाळून द्यायचो, चिकटपट्टी लावून जोडायचो, पण चावलेल्या जागी गायकाचा आवाज बुडबुडल्यासारखा यायचा. शेवटी तो नवीच घ्यायचा. खप तीन. आणि आमच्या बोळाच्या तोंडाशी चहाचा गाडा होता, त्यानं एक कॅसेट घेतली आणि सकाळी सहापासनं रात्रीपर्यंत दीड वर्ष वाजवली. आख्ख्या महाद्वार रोडला पाठ झाली. खप एक.

त्याहून पुढचं सांगू? निम्मी माणसं कॅसेट घ्यायचीच नाहीत, भरून न्यायची. कोरी कॅसेट आणि रेघी कागदावर गाण्यांची यादी. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये एका बाजूला सहा गाणी बसायची, आणि शेवटी दीड-दोन मिनिटं उरली की गिऱ्हाईक म्हणायचं, ‘काका, त्यात एखादं अर्धं टाका की.’ ते कायद्यात बसत नव्हतं हे मान्य आहे, सगळा रोड तेच करत होता. पण कुठल्या गाण्यावर लोक जीव टाकतात ते त्या याद्यांत दिसायचं, आणि त्या याद्या कुठल्याच मोजणीत कधी गेल्या नाहीत. एक रीळपेटीभर अजून माळ्यावर आहेत.

राजारामपुरी_ते_लेस्टर

काका, लेख लिहा तुम्ही!

मी मूळची राजारामपुरीची, सध्या इंग्लंडात लेस्टरला आहे. मामांच्या कोड्याचं उत्तर कॅलेंडरात आहे. इथला आठवडा मोजायला शुक्रवारी सुरू होतो आणि गुरुवारी रात्री बंद होतो. पूर्वी चार्ट रविवारी लागायचा, 2015 च्या जुलैपासून शुक्रवारी लागतो. आता बघा, 2020 चा 25 डिसेंबर शुक्रवार होता. म्हणजे 1 जानेवारीला जो चार्ट लागला तो 25 ते 31 डिसेंबरचा, त्यात नाताळचा आख्खा दिवस सापडला. घराघरात कोंबडी भट्टीत आणि गाणी लावलेली. पुढचा चार्ट 1 ते 7 जानेवारीचा. त्यात नाताळ औषधालासुद्धा नाही. इथं एक तारखेनंतर ही गाणी लावणं म्हणजे तुळशीचं लग्न झाल्यावर आकाशकंदील लावण्यासारखं.

आणि आता खप म्हणजे खप राहिलेलाच नाही. 2014 पासून ऑनलाईन ऐकणं धरायला लागले. सध्या पैसे भरून ऐकणाऱ्यांनी 100 वेळा ऐकलं की एक विक्री, फुकट्यांनी 600 वेळा ऐकलं की एक विक्री. तीस सेकंद तरी वाजायला लागतं आणि एका माणसाचं एका दिवसात दहाच्या वर धरत नाहीत. काकांच्या ड्रायव्हरनं बेळगावपर्यंत पन्नास वेळा लावलं तरी दहाच. सुपरमार्केटमध्ये नोव्हेंबरपासून कान किटेपर्यंत वाजतं, ते मात्र ह्या हिशोबात शून्य.

कॅसेट एकदा विकली की वीस वर्षं घरात पडली तरी विकलेलीच. ऐकणं मात्र दर आठवड्याला पहिल्यापासनं मोजतात.

मंगळवारपेठकर

मी भाची बोलतोय, मामा जेवायला गेलाय आणि फोन दुकानातच आहे.

ताई, सगळं बरोबर, पण अजून भारी गोष्ट राहिली. गाणं दोन-अडीच महिने जुनं झालं आणि सलग तीन आठवडे घसरलं की त्याचा भावच निम्मा करतात. 100 च्या जागी 200, 600 च्या जागी 1200. नवीन गाण्यांना जागा मिळावी म्हणून. म्हणून एखादं गाणं वरच्या पाचात असतं आणि पुढच्या शुक्रवारी एकदम खाली सापडतं. लोकांनी ऐकायचं सोडलेलं नसतंय, मापच बदललेलं असतंय!! जुन्या गाण्यांना तर हे माप पहिल्यापासनंच. केट बुशचं 1985 चं ‘रनिंग अप दॅट हिल’ 2022 मध्ये ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ह्या मालिकेमुळं परत वर आलं, तेव्हा निम्म्या भावामुळं अडकलं होतं. मग त्याला सूट दिली आणि ते एक नंबरला गेलं. 37 वर्षांनी!

एड शीरनची 2017 मध्ये पहिल्या वीसात सोळा गाणी होती. त्यानंतर एका गायकाची तीनच असा नियम केला. म्हणजे नुसतं ‘मोजतात आणि लावतात’ इतकं सोपं नाही ते.

‘लास्ट ख्रिसमस’ 1984 ला आलं तेव्हा दोन नंबरला अडकलं होतं, कारण वर बँड एड नावाखाली जमलेल्या गायकांचं मदतनिधीचं गाणं होतं. आणि त्या गाण्यात ‘वॅम’चा जॉर्ज मायकलपण गायलाय! स्वतःच स्वतःला आडवा आला. तो 2016 च्या नाताळाच्या दिवशीच गेला. त्यामुळं 2021 चा तो एक आठवडा त्याला बघायला मिळाला नाही. आणि पुढच्या शुक्रवारी ते गायबच झालं, म्हणून मामाशी मिसळ लावली.

बिंदूचौक_एक्सप्रेस

मामापेक्षा भाची वरचढ. बाकी आपल्या देशाचा असा चार्ट का नाही? ‘झिंगाट’ला किती आठवडे मिळाले असते?

कॅसेटवाले काका

पोरी, जिंकलीस. ‘स्वतःच स्वतःला आडवा आला’ हे आवडलं.

चार्ट आहेत. इंडियन म्युझिक इंडस्ट्रीनं 2021 च्या जूनपासून दर आठवड्याला वीस गाण्यांचा काढला, पण तो फक्त परदेशी गाण्यांचा! अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड’नं 2022 मध्ये भारतासाठी 25 गाण्यांचा सुरू केला. त्यात हिंदी, पंजाबी, तमिळ, तेलुगू सगळ्यांची एकच रांग, मराठीनं त्यात कोपरानं जागा करायची.

‘झिंगाट’चं म्हणाल तर 2016 च्या उन्हाळ्यात हळदीचा एक मांडव त्याच्याविना उठला नाही. पण ते वाजलं कशावर? डॉल्बीवर. एका पोराच्या पेनड्राइव्हवर एकदा उतरवलेलं, त्यावर हजार माणूस नाचलंय. ताईंच्या हिशोबानं त्याचं काय धरायचं? तीस सेकंद नियम, दिवसाला दहा... मिरजकर तिकटीला मिरवणुकीत उभं राहून मोजायला पर्सी डिकिन्सलाच बोलवायला पाहिजे, आणि त्याला फोनवर ऐकू काय येणार कपाळ.

मंगळवारपेठकर, आबांच्या वहीचं एखादं पान टाका इथं. पायदानं बघू द्या.

मंगळवारपेठकर

जेवून आलो. भाचीनं काय काय लिहिलंय वाचतोय. माझा फोन, माझंच नाव आणि माझीच अब्रू.

काका, वही काढली. पानं पिवळी पडलीत आणि शाई पसरलीय, फोटोत अक्षर उठत नाही, म्हणून सांगतो. प्रत्येक पानावर वर तारीख, खाली आकडे उलटे, शेवटच्या पायदानापासनं वर एकपर्यंत, जसं सयानी सांगायचे तसं. कोपऱ्यात ‘खरखर फार’ किंवा ‘आवाज स्वच्छ’. एका पानाला बिनाका टूथपेस्टच्या खोक्यात मिळायचा तो बोटभर प्लॅस्टिकचा प्राणी आत दडपून ठेवलाय, हत्ती असावा, सोंड तुटलीय.

तुम्ही म्हणालात म्हणून नीट चाळली तेव्हा एक गोष्ट दिसली. एका बुधवारी खालचे सगळे आकडे निळ्या शाईत आहेत, वरच्या तीन जागा मोकळ्या आणि बाजूला ‘लाईट गेली’. त्या तीन जागा नंतर लाल शाईनं भरल्यात, आणि पुढं कंसात बारीक अक्षरात लिहिलंय: शेजारी विचारून. दोन नंबरच्या गाण्यावर मात्र काट मारून तिथं दुसरं गाणं घातलंय, आणि त्यापुढं पलीकडच्या गल्लीतल्या आत्याचं नाव.