मदत हवी आहे : भीमेत गळ टाकायला स्वस्तातली छोटी लाकडी होडी

लूमजॉबर (सोलापूर)

नमस्कार मंडळी. मी पॉवरलूम कारखान्यात जॉबर आहे, म्हणजे माग दुरुस्त करणारा. मेव्हण्याचं शेत बेगमपूरच्या पुढे, भीमेला लागून. सुट्टी मिळाली की काठावर गळ टाकून बसायचं, हे दहा वर्षं चालू आहे. पण काठाला लव्हाळा, बाभळी आणि आता जलपर्णी. गळ अडकतो, तुटतो, आणि मासा आपला पलीकडच्या डोहात उड्या मारत असतो. म्हणून दोघांपुरती होडी करायची ठरवली. बजेट १२ हजार. त्याच्या वर गेलं की घरात प्रश्न विचारले जातात.

आधीच सांगतो, एक होडी करून झाली आहे. एप्रिलमध्ये व्हिडिओ बघून, एका शीटमधली. साधी ६ मिमी कमर्शियल प्लाय, सुतारकामाचा पांढरा गोंद, खिळे, वरून ऑइलपेंटचे दोन हात. शेतावरच्या हौदात रात्रभर ठेवली. सकाळी प्लायचे पदर खारीसारखे सुटले होते. मेव्हणा म्हणाला, चहा आणू का.

बसायच्या फळीखाली तरंगायला थर्माकोल घातला होता. तो पक्का व्हावा म्हणून वरून फायबरवाल्याचं रेझिन लावलं, तर तो डोळ्यांदेखत विरघळला. खड्डा पडला आणि वास तीन दिवस गेला नाही. असं का झालं?

आता विचारायचं ते असं. प्लाय कोणती घेऊ? माझं वजन ७८, मेव्हण्याचं ९० (तो ८५ सांगतो), तर माप किती धरू? आणि खास सोलापुरी प्रश्न : ग्लास फायबरच्या मॅटऐवजी आपलंच कापड चालेल का? चादरीचे, टॉवेलचे सेकंडचे तागे मला जवळजवळ फुकट मिळतात.

ट्यूबवरचा_बाळू

काय बे जॉबर, ट्रकच्या दोन ट्यूबा घे, वर फळी बांध, झालं. १२ हजारात बायकोला साडी येईल आणि भांडण पण होणार नाही. आमच्या आजोबांनी पुरात गुळाच्या काहिलीतून नदी ओलांडली, होडी-बिडी काही नव्हती.

लूमजॉबर

बाळू, काहील गोल फिरते. मला मासे धरायचेत, चक्कर आणायची नाही.

रंधा_पटाशी

सुतार आहे, होड्या चार केल्यात, सगळ्या तळ्यातल्या. माझ्या अनुभवाचं सांगतो.

एक शीट म्हणजे एक माणूस. हिशोब सोपा आहे. होडी जेवढं लिटर पाणी बाजूला सारते तेवढे किलो ती उचलते. आठ फुटी शीटमधली होडी, तळ अडीच फूट, दोन्ही टोकं वर उचललेली. म्हणजे पाण्याला टेकणारा तळ जेमतेम सव्वा-दीड चौरस मीटर. तुम्ही दोघं १६८, होडी २०, डबा-पाणी-गळ धरून २०० किलो. ती पाच-सहा इंच बुडणार. बाजूंना नऊ-नऊ इंच उरतात, म्हणजे पाण्यावर तीन-चार इंच राहतात. मेव्हणा मासा ओढायला एका बाजूला वाकला की संपलं.

दोन शीट घ्या. ११ फूट लांब, तळाची रुंदी ३२ इंच, बाजू १४ इंच. तळ आणि दोन्ही बाजू दोन शीटमध्ये बरोबर बसतात, टोकांच्या पाट्या दुसऱ्या कामातून उरलेल्या १२ मिमीच्या जाड तुकड्यातून काढा. ही होडी सगळ्या वजनाला चार-साडेचार इंच बुडेल. वजन ३५ किलोच्या आसपास, दोघांनी उचलून टेम्पोत टाकता येते. शीट आठ फुटांची, म्हणून तळाला आणि बाजूंना एकेक जोड येणार. जोडाला आतून आठ इंच रुंद प्लायची पट्टी चिकटवा आणि तो जोड मधोमध येऊ देऊ नका. जोर तिथेच पडतो.

प्लायवर आयएस ७१० (पाण्यात टिकणारी मरीन प्लाय) चा शिक्का बघा. नुसतं "वॉटरप्रूफ" म्हणणाऱ्या दुकानदाराकडून हातभर तुकडा मागून घ्या आणि घरी चार-पाच तास पातेल्यात उकळा. पदर सुटले नाहीत तर शीट उचला. दुकानदार हसेल, हसू द्या. तुमची पहिली होडी त्याच्या हसण्यापेक्षा महाग पडली.

खिळे नकोत. कडेला दर सहा इंचांवर बारीक भोकं पाडा, तांब्याच्या तारेने बाजू तळाला शिवून घ्या. मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे तार किलोवर मिळते, जॉबरला हे सांगायला नको. आकार जमला की आतल्या कोपऱ्यात इपॉक्सी (दोन भाग कालवून करायचं पक्कं चिकट रेझिन) आणि बारीक भुसा कालवून भरा. श्रीखंडाएवढं घट्ट. पातळ असलं तर ओघळतं, सुकं असलं तर चिकटत नाही. सुकल्यावर तारा कापा आणि बाहेरून जोडावर तीन इंची ग्लास टेप (ग्लास फायबरची पट्टी).

फायबरटाकी

चिंचोळी एमआयडीसीत टाक्या ओततो, म्हणून थर्माकोलचं उत्तर माझ्याकडे. तुम्ही लावलं ते पॉलिएस्टर रेझिन. त्यात स्टायरीन असतं, आणि थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन. एकाच घरातले, त्यामुळे एक दुसऱ्याला खातो. इपॉक्सी थर्माकोलला काही करत नाही. पण थर्माकोल नकोच. दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्या गोळा करा, झाकणं घट्ट लावा, ४० बाटल्या फळ्यांखाली जाळीत बांधा. ८० किलोचा उचल झाला, पैसे शून्य. होडी पाण्याने भरली तरी तळाला जाणार नाही, धरून राहता येईल.

पॉलिएस्टर स्वस्त आहे पण लाकडाला इपॉक्सीएवढं धरत नाही. ओलं-सुकं होत राहिलं की सोलपटतं. जोडांना इपॉक्सी, बाकीच्या तळाला चांगला रंग. दीड-दोन किलो इपॉक्सीत काम होतं. आणि पॉलिएस्टर वापरलंच कधी, तर कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हायला घालतात ते) आणि हार्डनर थेट एकमेकांत टाकू नका. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मग हार्डनर. उलटसुलट केलं तर भडका उडतो. गंमत नाही ही.

आपल्या उन्हाबद्दल एक. मे महिन्यात दुपारी मग भरून इपॉक्सी कालवलं तर हातात मग गरम होतो, धूर येतो, दगड होतो. पहाटे पाच ते आठ काम करा. एका वेळी पेलाभरच कालवा आणि पसरट ताटलीत ओता, म्हणजे गरमी निघून जाते.

लूमजॉबर

पेल्याचं आता कळलं. माझा मग अजून ब्रशसकट तसाच आहे, पेपरवेट झालाय.

कापडाचं कुणी बोललं नाही.

फायबरटाकी

चादर नको. जाड सुती कापड रेझिन पितं, आणि टॉवेल तर विचारूच नका. तुमच्या टॉवेलच्या कापडाला दोन किलो इपॉक्सी एका कोपऱ्यात लागेल. शिवाय सुताला ताकद येते ती ग्लासएवढी नाही, आणि कुठे चीर पडून पाणी शिरलं की आत कुजतं, बाहेरून दिसत नाही. ग्लास टेप घ्या, जोडापुरतीच लागते.

रंधा_पटाशी

यात माझं थोडं वेगळं मत. ताकदीसाठी कापड नको, कबूल. पण तळ दगडावर घासतो, तिथे पातळ, साध्या विणीचं कापड रंगात भिजवून ताणून बसवलं तर ओरखडे ते खातं, प्लाय वाचते. लाकडी होड्यांना कॅनव्हास आणि रंग ही जुनीच रीत आहे. दोन वर्षांनी फाडून नवीन लावायचं. चादरीचा नाही, आतल्या अस्तराचा ताका बघा.

चंद्रभागेकाठी (पंढरपूर)

माऊली, होडीचं सगळं बोलले, नदीचं कुणी बोललंच नाही. आमच्या घरात तीन पिढ्या वल्हं आहे, म्हणून लिहितो.

भीमा आता नदी कमी आणि बंधाऱ्यांची माळ जास्त. बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) टाकलेले असतात तेव्हा पाणी तळ्यासारखं उभं. तेव्हा तुमची चपट्या तळाची होडी झकास. पण वरच्या उजनी धरणातून मधेच नदीत पाणी सोडतात. काल गुडघाभर होतं तिथे आज ओढ असते. पावसाळ्यात तर नुसती उजनीची बातमी ऐकून भागत नाही. नीरेवरच्या वीर धरणाचं पाणी नरसिंगपूरला भीमेत मिळतं, म्हणजे उजनीच्या खाली. उजनी शांत आणि भीमा फुगलेली, असं होतं. दोन्हीचा विसर्ग बघितल्याशिवाय होडी पाण्यात घालू नका. जून ते सप्टेंबर ती झाडाखाली उलटी पडलेली बरी.

बंधाऱ्याच्या भिंतीजवळ वरच्या अंगाने जाऊ नका आणि खालच्या अंगाने तर मुळीच नाही. भिंतीवरून पडणारं पाणी खाली उलटं फिरतं, माणसाला भिंतीकडे ओढतं. पोहता येऊन उपयोग नाही. वाळू उपशाचे खड्डे दुसरी गोष्ट. कंबरभर पाण्यात उतरून होडी ढकलायची सवय असते, पुढचं पाऊल दोन पुरुष खोल पडतं. बांबूने तळ चाचपत जा.

आणि वारा. २१ मे २०२४ ला उजनीत कुगावहून कळाशीला निघालेली होडी वादळात उलटली, सहा जण गेले. ती तुमच्या होडीपेक्षा मोठी होती. मे महिन्यात दुपारी तीननंतर आभाळ काळं दिसलं की मासा लागलेला असला तरी दोर कापा आणि काठाला या. लाइफ जॅकेट दोन घ्या, अंगात घालून बसा, बुडाखाली उशी म्हणून नको.

लूमजॉबर

हे वाचून मेव्हण्याला फोन केला. खड्ड्यांचं त्याला माहीत होतं, मला सांगितलं नव्हतं. परवानगीचं काय? आणि मासा कुठला लागेल?

चंद्रभागेकाठी

तलाव आणि जलाशयांचे हक्क सहसा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. हिप्परग्याला किंवा उजनीला होडी नेऊन परस्पर जाळं टाकाल तर भांडण ओढवून घ्याल. तुमच्या पट्ट्यात गावातल्या कोळ्यांना आणि संस्थेला आधी भेटा. गळ म्हटल्यावर सहसा कोणी नाही म्हणत नाही, जाळं म्हटलं की म्हणतात. आणि इंजिन बसवायचा मोह धरू नका. इंजिन आलं की नोंदणी आली.

मासा म्हणाल तर चिलापी उदंड. कणकेच्या गोळीला लागते, पोरंसुद्धा धरतात. रोहू-मृगळाला शेंगदाण्याची पेंड भिजवून गोळा करा, तळाशी सोडा, वाट बघा. मरळ कडेच्या जलपर्णीखाली, जिवंत बेडकी किंवा बारीक मासळी लावून. शिंगटा निघाला तर हातात धरू नका, काटा बसला की दिवसभर हात ठणकतो.

ट्यूबवरचा_बाळू

शेंगदाण्याची पेंड माशाला आणि चटणी आपल्याला. बरोबर भाकरी बांधून घे. मी येतो, ट्यूब घेऊन.

लूमजॉबर (पाच आठवड्यांनी)

झाली एकदाची. प्लाय दोन शीट ५,४००, इपॉक्सी दोन किलो १,९००, टेप, तार, रंग मिळून १,६००, जॅकेटं दोन १,८००. एकूण १०,७००. बाटल्या कारखान्यातल्या पोरांनी पिऊन दिल्या. तळाला अस्तराचं कापड लावलंय, रंधा दादांचं ऐकून. फायबरटाकी साहेब रागावू नका, जोडांना टेपच आहे.

गळती बघायला शेततळ्यात घालणार होतो. मेव्हण्याच्या वडिलांनी अडवलं. प्लास्टिकच्या कागदावर पाय घसरला की वर येता येत नाही, म्हणाले. मग अंगणातच दोन विटांवर वाळूची पोती ठेवून त्यावर होडी मांडली आणि आत चार इंच पाणी भरलं. गळतं ते बाहेरून दिसतं. मागच्या डाव्या कोपऱ्यातून थेंब येत होता. तिथे परत श्रीखंड भरलं.

परवा सकाळी सहाला पाण्यात घातली. दोघं बसून साडेचार इंच बुडते, फुटपट्टी लावून बघितलं. सरळ जात नाही एवढंच. वल्हं मारलं की तोंड फिरवते, दोन वेळा जलपर्णीत घुसलो. तीन चिलापी आणि एक शिंगटा. शिंगट्याचा काटा मेव्हण्याला बसला, त्याला हे वाचून दाखवलं होतं तरी.

तोंड फिरवण्यावर काही उपाय?

रंधा_पटाशी

तळाला बाहेरून, मागच्या अर्ध्या भागात, मधोमध दीड इंच उंच सागाची पट्टी उभी चिकटवा. इपॉक्सीनेच, आणि आतून चार स्क्रू, भोकांत रेझिन भरून. सरळ चालेल. वजनदार माणूस मागे बसवा.

लूमजॉबर

म्हणजे मेव्हणा. सांगतो त्याला, ८५ किलोवाला मागे बसायचाय म्हणून.